समोरच्या घरातली बाटली

समोरच्या फ्लॅटमध्ये सुमेधा राहायला आली, तेव्हा तिला पहिला चहा मीच पाजला. आता ते आठवलं की स्वतःचाच राग येतो. मारुंजीतलं भाड्याचं घर सोडून ती आणि तिचा नवरा निमिष मोशीत, आमच्या सोसायटीत, स्वतःच्या घरात आले होते. सामान लावून दमलेली ती पोरगी माझ्या ओट्यापाशी उभी राहून चहा प्यायली आणि माझ्या सासूबाईंना म्हणाली, आजी, दुपारच्या येत जा ना माझ्याकडे, मी घरूनच काम करते. असं सगळेच म्हणतात. आमच्या सासूबाई खरंच जायला लागल्या.

सासूबाई म्हणजे दुर्गाबाई. सासरे गेल्यावर उदगीरजवळच्या गावातून त्या आमच्याकडे आल्या, तेव्हापासून मी त्यांना इकडची काडी तिकडे करू दिलेली नाही. मोठेपणा म्हणून सांगत नाही, सोसायटीत कुणालाही विचारा. माझा नवरा श्याम कंपनीच्या बसने कुरुळीला जातो. त्याच्या डब्यापासून रात्रीच्या भाकरीपर्यंत सगळं मी एकटी बघते. सासूबाई स्वयंपाकघरात डोकावल्या की मी म्हणते, आई, तुम्ही बसा, जन्मभर केलंत, आता आराम करा. त्यांनी गावाहून आणलेला पितळी खलबत्तासुद्धा मी माळ्यावर टाकला. खालच्या घरातले आवाजाची तक्रार करायचे, आणि मिक्सर असताना त्यांनी हात कशाला दुखवायचे? एवढं करणारी सून घरात असताना बाईंनी रोज समोर जाऊन बसावं, म्हणजे माझ्या पोटात दुखणार नाही तर काय होईल.

बरं, नुसतं जाऊन येणं असतं तर गोष्ट वेगळी. परत आल्या की त्यांच्या हातांना, पदराला एक गोड वास यायचा. सुमेधाला व्हॅनिलाचं वेड होतं. तिचा भाऊ केरळात नोकरीला, तो तिला शेंगा पाठवायचा. काळ्या, सुरकुतलेल्या, वाळलेल्या चवळीच्या शेंगेसारख्या. आमच्याकडे व्हॅनिला म्हणजे किराणा दुकानातली बोटाएवढी बाटली, दोन थेंब टाकले की कुकरमधला केक तयार. हिच्याकडे शेंग उभी चिरायची, आतले बारीक काळे दाणे सुरीच्या पाठीनं खरवडून खिरीत घालायचे, आणि उरलेलं साल साखरेच्या बरणीत पुरून ठेवायचं. मग ती साखरसुद्धा वासाची. सासूबाई हे सगळं रात्री जेवताना श्यामला रंगवून सांगायच्या. सांगताना आमटी माझीच वरपायच्या, पण त्या आमटीबद्दल एक अक्षर निघायचं नाही. श्याम म्हणायचा, आईचा वेळ छान जातोय, तुला काय त्रास आहे? पुरुषांना हे असलं काही कळत नाही.

एकदा सुमेधाचा डबा परत द्यायला मी तिच्याकडे गेले. सासूबाई त्या दिवशी डोळे तपासायला श्यामबरोबर गेल्या होत्या. सुमेधाच्या ओट्याच्या कोपऱ्यात, कपाटाच्या सावलीत, एक काचेची बाटली होती. आत त्याच काळ्या शेंगा आणि कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी. मी विचारलं, हे काय? ती अगदी सहज म्हणाली, व्हॅनिलाचा अर्क मुरत घातलाय, विकतच्या इसेन्सला ही चव नसते. मी विचारलं, कशात मुरतोय? म्हणाली, व्होडकात. शेंगांचा वास पाण्यात उतरत नाही. दोन-तीन महिने लागतात, आणि रोज बाटली हलवावी लागते.

मी हसून डबा दिला आणि घरी आले. घरी येऊन मात्र खुर्चीत बसले आणि मनातल्या मनात नाचले.

कारण आमच्या घरात दारू हा शब्दसुद्धा हळू आवाजात बोलतात. सासरे दारूनंच गेले. सासूबाईंनी त्यांच्या बाटल्या धान्याच्या कणगीत लपवल्या, उकिरड्यावर फोडल्या, त्यापायी मारही खाल्ला. एका दिवाळीला श्यामला कंपनीतल्या कुणीतरी बाटली भेट दिली, तर सासूबाईंनी ती त्याच्या देखत मोरीत ओतली आणि दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. खोकल्याचं औषधसुद्धा त्या आधी हुंगून बघतात. आणि तीच बाई रोज दुपारी दारूच्या बाटलीशेजारी बसून गोडधोड खात होती. बिचारीला पत्ताच नाही, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर बिचारी वगैरे नंतर वाटलं. आधी आनंदच झाला.

मी घाई केली नाही. पाडवा जवळ आला होता. गुढीपाडव्याचं श्रीखंड ही माझी खासियत. चक्का मी घरी बांधते, पुरणयंत्रातून गाळते, केशर दुधात खलून घालते. त्या दिवशी मी सुमेधा आणि निमिषला आग्रहानं जेवायला बोलावलं. श्यामला आश्चर्य वाटलं. सुमेधा म्हणाली, मी पण थोडं श्रीखंड करून आणते, व्हॅनिलाचं. मी म्हटलं, आण ना, अवश्य आण.

पाडव्याला गुढी उभारली, कडुलिंब झाला, पानं वाढली. सासूबाईंनी नैवेद्याचं ताट स्वतः वाढून घेतलं. त्यात श्रीखंड माझं ठेवलं, सुमेधाच्या वाटीला हातसुद्धा लावला नाही. माझी छाती इंचभर फुगली. सगळ्यांच्या देखत, एवढं मला पुरलं असतं. कदाचित मी पुढचं काही बोललेही नसते.

पण जेवायला बसल्यावर सासूबाईंनी सुमेधाची वाटी पुढे ओढली. एकदा घेतलं, परत घेतलं, तिसऱ्यांदा बोटानं वाटी निपटली. माझं श्रीखंड पानाच्या कडेला तसंच होतं, त्याला पुरीचा तुकडाही लागलेला नव्हता. देवाला माझं आणि तोंडाला तिचं. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"आई, तुम्हाला सांगणार नव्हते," मी म्हटलं, "पण त्यात दारू आहे. सुमेधा तो अर्क दारूत मुरवते. मी स्वतः बाटली बघितलीय."

श्यामचा घास हातातच राहिला. निमिष बायकोकडे बघायला लागला. सुमेधानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर सासूबाईंनी तिला हातानं थांबवलं.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "म्हणून तर देवापुढं तुझं ठेवलं. ती बाटली रोज मीच हलवायले की."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. सासूबाई शांतपणे पाणी प्यायल्या आणि सांगायला लागल्या. पहिल्यांदा ती बाटली दिसली तेव्हा त्या सुमेधाशी कडाकडा भांडल्या होत्या. उठून चालल्या होत्या, परत पाऊल टाकणार नव्हत्या. तेव्हा सुमेधानं ती बाटली त्यांच्याच हातात दिली. म्हणाली, आजी, झाकण लावलेलं आहे, कुणी पिणार नाही. तुम्हीच रोज हलवा आणि तुम्हीच लक्ष ठेवा.

"तुझ्या सासऱ्याची बाटली मी रोज बघायचे," सासूबाई म्हणाल्या. त्या माझ्याकडे नाही, पानाकडे बघत होत्या. "किती कमी झाली त्यावरनं कळायचं, आज रातीला मार हाय का न्हाई. ही बाटली पण रोज बघते. कमीच होत न्हाई गं. आज बघते, उद्या बघते, तेवढीच. ह्या श्रीखंडाला चमचाभर काढला तेवढाच, तोबी मीच मोजून. वास तेवढा गोड होत चाललाय."

श्याम मान खाली घालून बसला. बाटली बघून मार ओळखायची ही गोष्ट त्यालाही पहिल्यांदाच कळत होती. सुमेधाचे डोळे भरले होते, आणि अशा वेळीसुद्धा माझ्या मनात आलं ते हे, की सासूबाईंनी हे मला कधीच का सांगितलं नाही. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्या आधी आणि त्याच्याहून जास्त माझा जीव जळला. इतकी वर्षं एका घरात राहून जे माझ्या वाट्याला आलं नाही, ते कालच्या पोरीला एका बाटलीपायी मिळालं होतं.

"मग मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं. आवाज चिरकला, चार माणसांत.

सासूबाईंनी वर पाहिलं. त्या रागावल्या नव्हत्या, तेच मला जास्त लागलं. "कवा सांगू? तुझ्याजवळ आले की तू म्हणतीस, आई, तुम्ही बसा. ती म्हणती, आजी, एवढं चिरून द्या, तेवढं हलवून द्या. हाताला काम असलं की तोंडाला बोलणं येतं."

पुढचं जेवण कसं झालं, मला आठवत नाही. सुमेधा जाताना माझं श्रीखंड डब्यात मागून घेऊन गेली. फार छान झालंय म्हणाली. तिनं टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्टुलावर चढून माळ्यावरून खलबत्ता काढला. चिंच लावून घासला, पुसला, जमिनीवर घडी घातलेली सतरंजी टाकून त्यावर ठेवला, म्हणजे खाली आवाज जायला नको. गेला तर गेला, असंही मनाशी म्हटलं. शेजारी मूठभर वेलदोडे ठेवले आणि सासूबाईंना हाक मारली. त्या आल्या, खलबत्त्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"आई, एवढे कुटून देता का?" मी म्हटलं. "मिक्सरमध्ये बारीक होत नाहीत."

मिक्सरमध्ये चांगले बारीक होतात, हे त्यांनाही माहीत होतं. त्या खाली बसल्या. बत्ता हातात घेतला, त्याच्या बुडावरून अंगठा फिरवला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आमच्या घरात कधी पाहिलं नव्हतं. मीही पुढ्यात मांडी घातली. कुठून सुरुवात करावी, त्यांना काय विचारावं, हे मी सकाळपासून ठरवत होते.

"देते की," त्या म्हणाल्या. मग घड्याळाकडे बघून बत्ता खाली ठेवला आणि गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "आधी तेवढी बाटली हलवून येते. पोरगी वाट बघत असंल."

मी वेलदोड्यांपुढे बसून राहिले. समोरचं दार उघडल्याचा आवाज आला. त्यांना बेल वाजवावी लागली नाही.