नववा प्रश्न

आमच्या हेडसरांना सगळी शाळा मागून 'इस्त्री' म्हणायची. शर्टाला कधी चुणी नाही, बोटांना कधी शाई नाही, आणि दोष अंगाशी आलाच तर तो दुसऱ्याच्या अंगावर झटकून हे मोकळे. मी शाळेची क्लार्क. सोळा वर्षं त्यांच्या सहीसाठी कागद तयार केले, आणि त्यातली शेवटची पाच वर्षं एकाच गोष्टीची वाट पाहिली. हा माणूस कधीतरी माझ्या हातच्या कागदावरून घसरून पडायला हवा होता.

कारण माझी ताई. ती याच शाळेत विज्ञान शिकवायची. प्रयोगशाळेतला गॅसचा नळ गळत होता, एके दिवशी भडका उडाला आणि एका मुलीचा हात भाजला. आईवडील कोर्टात गेले. अशाच वेळेसाठी शाळेने सगळ्या शिक्षकांचा जबाबदारीचा विमा उतरवलेला असतो; कामात चूक झाली आणि दावा लागला, तर वकील आणि भरपाई कंपनी बघते. पण हेडसरांनी कंपनीला लिहून दिलं की नळ गळतो हे बाईंना ठाऊक होतं, त्यांनी कुणाला कळवलं नाही आणि तरीही प्रयोग घेतला. जाणूनबुजून धोका ओढवून घेणाऱ्याला विमा लागू नाही. कंपनीने हात वर केले. ताई कोर्टात एकटी उभी राहिली आणि शिकवण्याचा परवाना घालवून बसली. आता ती चष्म्याच्या दुकानात लोकांकडून भिंतीवरची अक्षरं वाचून घेते.

"तुम्ही घरचं ऑफिसात आणत नाही, हे मला आवडतं," हेडसर त्यानंतर मला एकदा म्हणाले. मी मान डोलावली. मनात म्हटलं, आणीन, योग्य दिवशी आणीन.

तो दिवस व्यायामशाळेतून आला. भिंतीवर चढायची शिडी निखळली आणि सातवीतल्या एका मुलाच्या खांद्याचं हाड मोडलं. तास पीटीच्या सरांचा होता. बिचाऱ्यांना नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. बोल्ट सैल झालेत, असं पत्र त्यांनी तीन आठवडे आधीच दिलं होतं. त्या पत्राच्या समासात हेडसरांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'तपासणी झाल्यावर पाहू. सराव चालू ठेवा.'

त्याच आठवड्यात विम्याचं नूतनीकरण होतं. फॉर्ममधला नववा प्रश्न असा असतो: पुढे दावा होऊ शकेल अशी एखादी घटना आपल्याला माहीत आहे काय?

"नेहमीसारखं सगळीकडे 'नाही' लिहा," हेडसर म्हणाले. "आणि पीटीवाल्यांचं ते पत्र फाइलमधून काढून टाका. असं काही पत्र आलंच नव्हतं."

"बरं, सर," म्हटलं आणि जागेवर येऊन हसले. विम्याचा एजंट दरवर्षी एकच वाक्य सांगून जायचा, लपवलं की संपलं. इथे 'नाही' लिहिलं आणि उद्या मुलाचा बाप कोर्टात गेला, तर कंपनी ढुंकूनही पाहणार नाही, आणि इस्त्रीसाहेब ताईसारखेच एकटे उभे राहतील. मी ते 'नाही' असं वळणदार अक्षरात लिहिलं की बघत राहावं.

संध्याकाळी दुकानात जाऊन ताईला सगळं सांगितलं. वाटलं, ती पाठ थोपटेल.

"पीटीच्या सरांचं काय होईल मग?" तिने विचारलं.

"विमा सगळ्यांचा मिळून एकच असतो गं. सुक्याबरोबर ओलंही जळतं."

ताई काच पुसत होती, ती थांबली. "माझ्या वेळी ते ओलं मी होते," ती म्हणाली.

मला तिचा राग आला. तिच्यासाठी करायचं आणि वर तिनेच ऐकवायचं. पण सकाळी ऑफिसात गेले, तो फॉर्म फाडला आणि कोरा घेतला. नवव्या प्रश्नापुढे 'होय' लिहिलं. घटना, तारीख, मुलाचं नाव, सगळं लिहिलं. सोबत पीटीच्या सरांच्या पत्राची प्रत जोडली, समासातल्या अक्षरासकट. शुक्रवारी तीसेक कागदांच्या गठ्ठ्यात तो मधोमध ठेवला. हेडसर वाचत नसत. मी पेन्सिलीने फुली मारीन तिथे सही ठोकत. वाचणं हे त्यांच्या मते खालच्या लोकांचं काम होतं. फोनवर बोलता बोलता त्यांनी तीसही सह्या केल्या.

पंधरा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. विम्याचं चालू वर्ष संपायच्या आत कळवल्यामुळे शिक्षकाची बाजू कंपनी लढवील. मात्र धोका लेखी कळूनही सराव चालू ठेवायला सांगितल्यामुळे मुख्याध्यापकांना संरक्षण मिळणार नाही. मी ते दोनदा वाचलं. सांगायला लाज कसली, मला इतका आनंद झाला की तिसऱ्यांदाही वाचलं.

हेडसरांनी आत बोलावून दार लावून घेतलं. "हे तुम्ही केलंत."

"सही तुमची आहे, सर."

त्यांनी पत्राची नीट घडी घातली. मग अगदी शांतपणे म्हणाले, "तुमच्या ताईंनीही नळाबद्दल पत्र दिलं होतं. मी काढा म्हटलं, तुम्ही काढलंत. आज दाखवलीत ती हिंमत तेव्हा कुठे होती?"

हे मी आतापर्यंत सांगितलं नाही. कुणालाच नाही. तेव्हा अकरा वर्षं होऊनही माझी नोकरी कच्चीच होती, नवरा घरी बसला होता. हेडसर म्हणाले होते, फाडून टाका. फाडवलं नाही, म्हणून घरी नेऊन कपाटात कपड्यांखाली ठेवलं. ताई कोर्टात सांगत राहिली की पत्र दिलं होतं, पण फाइलमध्ये ते नव्हतं. तेव्हाच बाहेर काढलं असतं तर ताई आज वर्गात असती. वर्षागणिक ते काढायची हिंमत कमी होत गेली आणि राग वाढत गेला. स्वतःचा जो राग यायचा, तोही मी हेडसरांच्याच नावावर घातला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली. ताईचा परवाना परत मिळावा म्हणून शिक्षण मंडळाला अर्ज टाइप केला. ताईने नळाबद्दल कळवलं होतं, हेडसरांनी ते पत्र फाइलमधून काढलं आणि कंपनीला खोटं सांगितलं, असं त्यात लिहिलं. मूळ पत्र जोडलं आणि दुकानात गेले.

ताईने आधी पत्र वाचलं. आपलंच पाच वर्षांपूर्वीचं अक्षर, आणि समासात हेडसरांचं, 'परीक्षा झाल्यावर पाहू. प्रयोग चालू ठेवा.'

"हे कुठे होतं?"

"माझ्याकडे."

"पाच वर्षं?"

"हो."

वाटलं, रडेल, निदान मला हाकलून तरी देईल. एक गिऱ्हाईक आत आलं, त्याला तिने बसायला सांगितलं. मग अर्ज वाचला, काउंटरवरचं लाल पेन उचललं आणि 'हेडसरांनी ते पत्र फाइलमधून काढलं' या शब्दांखाली रेघ ओढली.

"हे चूक आहे," ती म्हणाली. "त्यांनी सांगितलं. काढलं कुणी?"

मी अर्ज माझ्याकडे ओढला.

"मलाही सूड हवाय. पण अर्धा नको." तिने पेन माझ्यापुढे धरलं. "इथे तुझं नाव घाल आणि मग सही कर. नोकरी गेली तर जाऊ दे. माझीही गेलीच होती."

मी नाव घातलं, सही केली. तिने ती सही नीट पाहिली, अर्ज घडी करून आपल्या पर्समध्ये ठेवला आणि गिऱ्हाइकाकडे वळली.