बानं हाकललं

हिंगोलीकडच्या गोरेगावच्या वाचनालयात सगळ्यात झिजलेलं कपाट 'प्रेरणादायी' पाटीचं. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी त्याच्यावर तुटून पडतात. मी इथला ग्रंथपाल, विश्वंभर. एकोणीस वर्षं ही पुस्तकं देतो-घेतो आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा वीट आलाय. सगळ्यांचं पहिलं प्रकरण अंधारात सुरू होतं, शेवटच्यात सूर्य उगवतो, आणि मधे नायकाला छळणारा एक माणूस लागतोच लागतो. तरीपण 'बारा झुंजी' हे पुस्तक आलं तेव्हा शिक्का मारायच्या आधी मीच ते घेऊन बसलो. बारा खेळाडूंच्या आयुष्यावरच्या त्या पुस्तकात आमची राधिका होती.

राधिका ही शेजारच्या साखरा गावच्या दगडोबाची एकुलती एक लेक. दगडोबा मेंढरं राखतो. आठ महिने रानोमाळ, कुणाच्या ना कुणाच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवायची, आणि पावसाळ्यात साखऱ्यात परत. त्याची बायको पंचफुलाबाई, राधिका सहा वर्षांची असताना गेली. मग पोरगी बापाबरोबरच मेंढरांमागं पळायला लागली, ती पळतच राहिली. नववीत असताना एकाएकी ती क्रीडा वसतिगृहात गेली, एवढंच मला माहीत होतं. आता ती पाच हजार मीटर पळते, बंगळुरूच्या शिबिरात असते. दोन वर्षांत घरी आलेली नाही.

दगडोबाला अक्षर वाचता येत नाही, पण बाजाराच्या दिवशी तो वाचनालयात हमखास येतो. जोडे बाहेर काढून, काठी भिंतीला टेकवून विचारतो, "मास्तर, आमच्या राधिकाचं काही आलं का पेपरात?" मी काही मास्तर नाही, पण ते मी सांगायचं सोडून दिलंय. बातमी असली की मी वाचून दाखवायचो. नसली तरी तो खेळाच्या पानावरून एकदा तळहात फिरवायचा आणि उठायचा.

"रविवारी फोन येतो बराबर," तो एकदा म्हणाला. "आवाज ऐकू येतो लेकराचा. पर मास्तर, फोनात डोक्यावरून हात फिरवता येत न्हाई."

तर ते पुस्तक. त्यात अपघातात पाय गमावलेली एक पोहणारी होती. डोंगराळ मुलखातून आलेला एक मुष्टियोद्धा होता, ज्याला त्याच्या चेहऱ्यावरून आपल्याच देशातली माणसं परदेशी म्हणून हिणवायची. सातवं प्रकरण राधिकाचं. वसतिगृहातल्या मुली तिला बघून मेंढीसारखा आवाज काढायच्या, तिच्या पांघरुणाला लोकरीचा वास येतो म्हणून खाट लांब सरकवायच्या. ते पान मी दोनदा वाचलं. पण त्याच्या आधी चार पानं होती, 'बंद दार' नावाची. त्यात लिहिलं होतं: "माझ्या वडिलांनी मला हाकलून दिलं, राधिका सांगते, आणि तिचे डोळे भरून येतात." पुढं उंबऱ्याबाहेर बसलेली चिमुरडी, तिच्या पाठीमागं धाडकन लागलेलं दार, वगैरे.

माझं डोकं भणाणलं. हा म्हातारा माझ्या पेपरावर हात फिरवतो, लेकराच्या नावानं उसासे टाकतो, आणि यानं आईवेगळ्या पोरीला घराबाहेर काढलं!

पुढच्या बाजाराला दगडोबा आला. पुस्तकाच्या पानावर लेकीचा फोटो बघून त्याचा चेहरा असा उजळला की दुसऱ्या कुणाला दया आली असती. मला आली नाही. "वाचा की," तो म्हणाला, आणि मी वाचलं. ती चार पानं गाळता आली असती. मी मुद्दाम वाचली, त्याच्या तोंडाकडं बघत वाचली.

तो पायावर पाय ठेवून बसला होता, ते पाय त्यानं हळूच खाली घेतले.

"असं तिनं सांगितलं?"

"तिनंच. हे बघ, छापलंय."

तो चिडेल, नाकबूल करेल असं मला वाटलं होतं. त्यानं फोटोवरून एकदा तळहात फिरवला. मग म्हणाला, "लेकरू माझं खोटं न्हाई बोलत. आसंल. माझ्याच ध्यानात न्हाई राहिलं."

पुढच्या बाजाराला आल्यावर त्यानं पेपर मागितलाच नाही. माझ्या टेबलाजवळ उभा राहून म्हणाला, "मास्तर, ती एकडाव कोकरू हरवून आली होती. मी काठी उगारली. मारली न्हाई, पर उगारली. ते तर नसंल?"

मी म्हणालो, "मला काय माहीत!"

त्याच्या पुढच्या बाजाराला म्हणाला, "साळंचा डरेस फाटला होता. पुढच्या साली घेऊ म्हणलं मी. दोन दिस बोलली न्हाई. ते का हो?"

आणि तिसऱ्या वेळी तो बसला, खाली, फरशीवर. "आता सापडलं, मास्तर. हिंगोलीचं स्टँड. वसतिगृहाला धाडायचं होतं. गाडी लागलेली, अन् पोरगी माझ्या धोतराला धरून. चढंच ना. मी हात सोडवून घेतला तिचा. पाठ केली अन् निघालो. वळून बघितलंच न्हाई. वळलो असतो तर तिला घेऊनच घरी आलो असतो." त्यानं पटक्याच्या टोकानं तोंड पुसलं. "आता तिचा फोन आला तरी उचलून न्हाई राहिलो मी. कोणत्या तोंडानं उचलावं?"

त्यानंतर तो यायचाच बंद झाला. बाजाराच्या दिवशी भिंतीला काठी दिसेना, तेव्हा पहिल्यांदा मला अस्वस्थ वाटलं. मी कोण लागून गेलो होतो त्याला शिक्षा करणारा?

मग एका दुपारी मलाच फोन आला.

"काका, मी राधिका, साखऱ्याची. बा फोन काहून उचलून न्हाई राहिला? तीन रविवार झाले. तकलीफ तर न्हाई ना काही? परवा माझी शर्यत हाय, अन् माझं ध्यानच लागंना झालंय."

"तकलीफ तू दिलीस," मी म्हणालो. माझा स्वभावच असा. "पुस्तकात काय सांगून ठेवलंस? बापानं हाकलून दिलं म्हणून?"

"कुणी हाकलून दिलं?"

"तू वाचलं नाहीस?"

"फोटो पाहिले, काका. आपल्याबद्दल वाचायची लाज वाटली." मी ते वाक्य तिला वाचून दाखवलं. "अवं, मी असं न्हाई म्हणलं! मी स्टँडवरचं सांगितलं त्या पुस्तक लिहिणाऱ्या बाईंला. मी गाडीत चढून न्हाई राहिले होते. बा पाठ करून निघाला, अन् जाता जाता त्यानं तोंडानं तो आवाज काढला, मेंढरांला हाकलताना काढतो तो. भरल्या स्टँडात! मला रडता रडता हसू आलं, अन् पाय आपोआप चढले पायरी. तेच म्हणलं मी. बानं हाकललं तवा मी इथवर आले, न्हाईतर तिथंच बसले असते."

आमच्याकडं बैल हाकलतात, गाडी हाकलतात, मेंढरं हाकलतात. मागं राहायचं आणि पुढच्याला चालतं ठेवायचं, त्याला हाकलणं म्हणतात. शहरातल्या त्या बाईंना ते कळलं नाही, त्यांचं एक वेळ सोडा. मी तर याच मातीतला! दगडोबाच्या घरी मी तीनदा चहा प्यालोय. त्याच्या खोलीला दार नाही, दाराच्या जागी जुनं घोंगडं टांगलेलं आहे. मग धाडकन लागलेलं ते दार आलं कुठून, हे मला एकदाही सुचलं नाही. छापलेलं होतं ना!

मी तिला म्हणालो, "फोन जवळ ठेव," वाचनालयाला कुलूप घातलं आणि मोटरसायकल काढली.

दगडोबाची मेंढरं उत्तमरावांच्या वावरात होती. सोयाबीन निघालेलं, शेजारच्या पट्ट्यात तूर कमरेच्या वर उभी. दगडोबा तुरीच्या कडेला मेंढरांकडं तोंड करून उभा होता. तुरीकडं वळलेलं एक मेंढरू त्याच्या नुसत्या खाकरण्यानं मागं फिरलं. चाळीस वर्षांत कुणाच्या पिकात त्याचं जनावर गेलं अशी तक्रार नाही, हा त्याचा एकच तोरा.

मी त्याला सगळं सांगितलं. मी मुद्दाम वाचलं होतं, तेही सांगितलं. त्यानं ते ऐकलं की नाही कोण जाणे. एवढंच विचारलं, "आवाज काढला व्हता म्या? स्टँडात?"

"काढला होतास म्हणे."

"ध्यानात न्हाई." मग हळूच म्हणाला, "काढला आसंल. सवय हाय."

मी नंबर लावला, आवाज मोठा केला आणि फोन त्याच्या हातात दिला.

"बा?"

त्यानं फोन कानाशी दाबून धरला.

"बा, ऐकून राहिलास ना? म्या तुझ्याबद्दल वाईट न्हाई सांगितलं कधी. मला घरी यायचं हाय रे. शर्यत झाली की सुट्टी मागते, देतील का न्हाई ठाऊक न्हाई." तिचा आवाज कापायला लागला. "तवर एकडाव हाकल की मला. तसंच. स्टँडावानी."

"इथं मास्तर हायेत," तो लाजून म्हणाला.

"असू दे."

दगडोबानं माझ्याकडं पाठ केली. फोन दोन्ही हातांत तोंडाशी धरला, मान वर केली आणि जीभ टाळूला लावून आवाज काढला, "हिर्र्र्र... हिर्र्र्र... चल माझे बाय, चल, चल!" एवढा मोठा आवाज त्या वाळक्या छातीतून निघेल असं मला वाटलं नव्हतं. तो थांबेना. दोन वर्षांचं सगळं साठलेलं त्यात निघत होतं.

मेंढरांनी माना वर केल्या. त्यांना काय ठाऊक कुणाला हाकलणं चाललंय! दीडशे मेंढरं एकदम उधळली आणि समोर दिसली त्या उत्तमरावांच्या तुरीत घुसली.

"दगडोबा, मेंढरं!" मी ओरडलो.

फोनातून राधिकाचं हसणं येत होतं, रडण्यासारखं. दगडोबानं तुरीकडं एकदा बघितलं. मग त्यानं फोन कानाशी आणखी घट्ट धरला आणि मला हातानं खुणावलं की, जरा तुमीच बघा.

मी चपला काढल्या आणि तुरीत शिरलो.