अकरावा प्रश्न

टकळीचं खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीपटावर होतं. बाकी सगळीकडे ती टकळीच, आणि त्यात नाव ठेवणाऱ्यांची काही चूक नव्हती. हिचे डोळे उघडायच्या आधी तोंड उघडतं, असं बाबा म्हणायचे. पण या वर्षी त्या तोंडाला पहिल्यांदाच मानाचं काम मिळालं. शिक्षण आणि रोजगाराची पाहणी निघाली, घरोघरी जाऊन माहिती भरून आणायचं काम आत्याकडे आलं, आणि ऐन वेळी आत्याचा घसा बसला. तेव्हा प्रश्न टकळीने वाचायचे आणि उत्तरं आत्याने लिहायची, असं ठरलं. पाहणीच्या साहेबांनी गळ्यात घालायला ओळखपत्रही दिलं. टकळी ते घालून आरशासमोर इतका वेळ उभी राहिली की बाबा म्हणाले, "अगं, आरशाची पाहणी झाली असेल तर निघा आता."

प्रश्न सोपे होते. घरात कोण कोण, किती शिकलं, काय काम करतं, शिकलं त्याच कामात आहे का. अकरावा प्रश्न तेवढा बाहेरगावी गेलेल्यांबद्दल होता: कायमचं परत येण्याचा विचार आहे का? एक, हो, वर्षाच्या आत. दोन, हो, पण नंतर कधीतरी. तीन, नाही. चार, सांगता येत नाही.

त्यांच्या गल्लीत चौदा घरं. त्या चौदा घरांतली एकोणीस मुलं-मुली बाहेर. शेवटचं घर टकळीचं स्वतःचं. तिथे ती मुद्दाम दार वाजवून आत गेली आणि आईला "बाई, आपण बसा ना" म्हणाली. आई हसली. अकराव्या प्रश्नाला मात्र हसली नाही. "एक," ती म्हणाली. "एक लिहा. वर्षाच्या आत."

टकळीची ताई जाऊन दोन वर्षं झाली होती. ताई लिफ्ट दुरुस्त करायला शिकली होती, वर्गात पहिली आली होती, आणि त्यांच्या गावात सगळ्यात उंच काय होतं, तर पाण्याची टाकी. लिफ्ट एकही नाही. तिची सायकल मात्र जिन्याखाली तशीच उभी होती. आई दर रविवारी तिच्यात हवा भरायची. टकळी शाळेत पायी जायची आणि सायकल मागायची नाही. बाकी सगळं मागायची.

आठ दिवसांनी सगळे कागद परत आले.

साहेब आत्याला म्हणाले, "बाई, एकोणीसच्या एकोणीस जण वर्षाच्या आत परत येणार? मग पुढच्या वर्षी त्या गल्लीत पाय ठेवायला जागा उरणार नाही. घरी बसून भरलेत का?"

आत्याचा चेहरा पडला. टकळीला राहवलं नाही. "साहेब, आम्ही दारोदार गेलो होतो! लोकच पुढचं ऐकून घेत नाहीत. मी 'वर्षाच्या आत' म्हटलं की लगेच 'हो, तेच लिही' म्हणतात. दुसरा पर्याय कुणी वाचूच दिला नाही मला."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "उत्तर कुणी दिलं?"

"आयांनी. दोन ठिकाणी बाबांनी."

"मग बरोबर आहे," साहेब जरा हळू आवाजात म्हणाले. "पण आयांना काय वाटतं ते मोजणारी पाहणी ही नव्हे, बाळ. गेलेल्यांना फोन करा. चारही पर्याय पूर्ण वाचा. आणि सांगतील तेच लिहा."

शनिवारी दुपारी टकळीच्या घरी फोन सुरू झाले. बेकरीवाल्या काकांचा मुलगा म्हणाला, "बाबांनी 'एक' सांगितलंय? मग राहू दे ना 'एक'च." टकळी म्हणाली, "दादा, तसं चालत नाही." तेव्हा तो 'चार' म्हणाला. शिंपीणकाकूंच्या मुलीने 'तीन' म्हणून सांगितलं आणि लगेच विचारलं, "आई अजून खिडकीपाशीच बसते का शिवायला?" ड्रायव्हरकाकांची जुळी पोरं एकाच खोलीत राहायची, पण एकाने 'दोन' सांगितलं आणि दुसऱ्याने 'तीन'. मग फोनमध्येच दोघांची जुंपली. आत्या हसता हसता खोकली. घरोघरी मातीच्या चुली, ती म्हणाली.

अठरा झाले. एकोणिसाव्या ओळीवर ताई होती.

आत्याने पेन टकळीच्या हातात दिलं. "हा तूच विचार आणि तूच लिही. माझ्याच्यानं नाही होणार." आई पलीकडच्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत होती. इस्त्रीचा आवाज थांबला होता.

ताईने फोन उचलल्या उचलल्या टकळीने आवाज जाड केला. "नमस्कार. शिक्षण आणि रोजगार पाहणीतून बोलतेय. आपण शिकलात त्याच कामात आहात का?"

"हो बाई, एकविसाव्या मजल्यावर उभी आहे," ताई हसत म्हणाली. "तुमचं वय काय हो? आवाजावरून साठीच्या वाटता."

"प्रश्न आम्ही विचारायचे. अकरावा प्रश्न." टकळीने वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या पर्यायापर्यंत आवाज जाड राहिला. तिसऱ्याला तो तिचा स्वतःचा झाला. दोन वर्षांत घरात हे कुणी विचारलं नव्हतं. दर रविवारी फोन व्हायचा. जेवण, तब्येत, हवा, सगळं व्हायचं, आणि याच्या कडेकडेने सगळे जपून चालायचे.

पलीकडे वारा घोंघावत होता.

"टकळे, खरंच लिहायचं असतं का ते?"

"हो. साहेब म्हणाले, सांगतील तेच."

"मग तीन."

टकळीने तीन लिहिलं. आकडा नेहमीपेक्षा मोठा आला.

"लिहिलंस? खोडरबर आहे का गं तुझ्याकडे?"

"आम्ही पेनाने लिहितो."

"बरंय," ताई म्हणाली, आणि नाक ओढल्याचा आवाज आला. "आपल्याकडे कुणी चार मजले चढवले तर कळव. त्या दिवशी निघते. आणि आईला... आईला तूच सांग. मी किती रविवार ठरवते, पण ती आधी सायकलचंच सांगते. हवा भरली म्हणते. मग मला नाही बोलता येत."

फोन ठेवून टकळी वळली, तर आई दारातच होती. टकळीने कागद पुढे केला. आईने वाचला आणि आकड्यावरून बोट फिरवलं.

"मला माहीत होतं गं," आई म्हणाली. "पण तू विचारलंस तेव्हा तोंडातून 'एक'च गेलं."

आत्या चहा टाकते म्हणून आत गेली, आणि बराच वेळ साखरेचा डबा शोधत राहिली.

दुसऱ्या दिवशी रविवार. आईने जिन्याखालून सायकल बाहेर काढली आणि हवा भरली. मग पाना आणला. "बस," ती म्हणाली. टकळी बसली. ताई उंच होती. टकळीचे पाय तरंगत होते. आईने तिला उतरवलं आणि सीट सोडवून दांड्यासकट वर ओढली. ताईच्या वेळची खूण दांड्यावर उघडी पडली होती. तिच्या वर गंज होता, खाली लख्ख चकाकी. आईने सीट चार बोटं खाली घेतली आणि ती पाना फिरवू लागली.

"ही पाहणी पुन्हा कधी?" आईने मान वर न करता विचारलं.

"पाच वर्षांनी."

आईने मनात हिशेब केला. टकळीनेही केला. टकळीची आत्ताची सोळा वर्षं आणि वरची पाच. दोघींचं उत्तर एकच आलं आणि दोघीही ते बोलल्या नाहीत.

"फार घट्ट आवळत नाही," आई पाना बाजूला ठेवत म्हणाली. "वाढशील अजून."

टकळी गल्लीच्या टोकापर्यंत गेली. तिथून रस्ता सरळ पुढे जात होता. मागे वळून न बघताही तिला ठाऊक होतं की आई दारात उभी आहे. ताई गेली त्या दिवशीही आई तशीच उभी होती. टकळीला एकाच वेळी पुढेही जायचं होतं आणि वळायचंही होतं. तिने जोरात घंटी वाजवली, एक मोठी गिरकी घेतली आणि ओरडली, "आई, ब्रेक लागत नाहीये!"

"मग पाय टेकव ना, वेडाबाई!" आई ओरडली, आणि पाना घेऊन धावत आली.