मखमलीखालचा संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. हल्लीच्या संगणकांसारखा मी दिसत नाही. बटणांची एक चपटी पेटी, मागून वायर काढून टीव्हीला जोडायची, झालं. घडलो कुठेतरी परदेशात. जन्म वाया गेला तो मात्र कोल्हापुरात, शाहूपुरीत, एकोणीसशे शहाऐंशी साली.

माझे मालक गणपतराव. नवशिक्यांना प्रोग्रॅम लिहायला शिकवणारी खाजगी शिकवणी त्यांनी माझ्या जिवावर काढली. माझा मान फार मोठा. चपला खोलीबाहेर काढायच्या, आत हळू बोलायचं. माझ्यावर लाल मखमलीचं झाकण. मी बिघडू नये म्हणून मला कुणी हात लावायचा नाही. शिकवणं सगळं फळ्यावर आणि बटणांचा सराव पुठ्ठ्यावर काढलेल्या चौकटींवर. माझ्या बटणांवरची अक्षरं ए-बी-सी अशी क्रमानं नाहीत, ही गणपतरावांना कंपनीची चूक वाटली. पुठ्ठ्यावर त्यांनी ती दुरुस्त केली.

त्या पुठ्ठ्यावर सगळ्यात जास्त बोटं आपटली रोशनबीनं. ती हुपरीहून एसटीनं यायची. घरी वडील लालासाब चांदीचे पैंजण करत आणि ही त्यांना घुंगरं जोडायची. डाग देतानाच्या धुरानं तिचे डोळे कायम लाल. दसऱ्यानंतर एका सूतगिरणीत संगणकावरच्या नोकरीसाठी परीक्षा होती. "लागली तर लागली, न्हायतर घुंगरं हायतच," असं लालासाबनी सांगून टाकलं होतं.

"सर, एकडाव खऱ्या बटणावर बोट ठेवू द्या की."

"आणि झिजलं म्हंजे?"

"माझा पुठ्ठा झिजला की!"

"दुसरा घे. खंडेनवमीला मशीनची पूजा करू, मग पयला हात तुझाच."

खंडेनवमी आली. मखमल निघाली. मला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं, टीव्ही लावला. रोशनबी बोटं ओढणीला पुसून माझ्यासमोर बसली. मित्रांनो, त्या बोटांची वाट मीही बघत होतो. "थांब, नारळ राहिला," म्हणत गणपतरावांनी नारळ फोडला आणि त्याचं पाणी मोठ्या श्रद्धेनं माझ्यावर शिंपडलं. टीव्हीवर एक रेघ उमटली. मग तीही गेली. मी त्यानंतर कधी सुरू झालो नाही.

परीक्षा देऊन रोशनबी थेट शिकवणीत आली. चपला बाहेर काढल्या.

"काय झालं गं?"

"नाव टाइप करा म्हटले. क्यूच्या शेजारी आर हुडकत बसलो, सर. वेळ संपला. साहेब म्हटले, बाई, संगणक कधी बघितलाय का? म्हटलं, रोज बघतोय की, लांबनं. सगळी हसली."

"तरी मी सांगत हुतो," गणपतराव म्हणाले, "कंपनीनं अक्षरं चुकीची लावल्यात."

रोशनबीनं पुठ्ठा टेबलावर ठेवला आणि ती गेली.

मित्रांनो, मोठी माणसं तुम्हाला सांगतील, वस्तू जपून वापरा. त्यातलं 'जपून' एवढंच ऐकून घरी जाऊ नका. हात धुवा, कोरडे करा आणि लावा.

माझी निगा अजून उत्तम राखली जाते. दर खंडेनवमीला माळ मिळते. नारळ आता बाजूला फोडतात. परवा गणपतरावांची सून माझ्यावरची मखमल झटकायला आली. तिच्या पायांत हुपरीचे नवे पैंजण वाजत होते. घुंगरं फार नेटकी जोडलेली होती. बोटं चांगली सरावाची असणार.