स्वतःहून दिलेली ऐरण

आमचे भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, त्या सकाळी नांगराचा फाळ तापवत होते. पेरणी तोंडावर आलेली, जमीन उन्हाने तडकलेली, आणि ज्याला त्याला फाळाला धार आजच हवी होती. दोन-तीन गिऱ्हाइकं दारात उकिडवी बसली होती. भाऊजींनी लालभडक फाळ सांडशीने ऐरणीवर धरला, घाव घालायला हात उचलला, आणि तेवढ्यात दारात एक जीप आणि तिच्यामागे टेम्पो येऊन थांबला. मी समोरच्या ओसरीवर धान्य निवडत होते. उतरलेल्या माणसाच्या हातातली फाइल बघूनच मी सूप खाली ठेवलं.

हे कधीतरी होणार हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त बोलत कुणी नव्हतं. काही वर्षांपूर्वी एक ठेकेदार भाऊजींच्या मागे लागला होता. गोदामांची लोखंडी दारं करायची, बिलं मेस्त्रीच्या, म्हणजे भाऊजींच्या, नावाने फाडायची, करबिर सगळं मी बघतो, असा त्याचा वायदा. भाऊजींनी दारं केली, बिलांवर सह्या केल्या. गिऱ्हाइकांकडून कराचे पैसे ठेकेदाराने घेतले आणि सरकारात एक छदामही भरला नाही. तो पसार झाला. कर, त्याचं व्याज, त्यावरचा दंड, सगळं भाऊजींच्या डोक्यावर. घर विकलं तरी फिटलं नसतं. नोटिसा यायच्या आणि भाऊजी त्या न वाचता कोनाड्यात सारायचे. एखाद्या जाणत्या माणसाला विचारा म्हणून मी किती वेळा सांगितलं. "बघू," म्हणायचे. त्यांचं ते 'बघू' मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय.

तर ती माणसं आत आली. वसुलीचे साहेब बोलायला अगदी गोड. मेस्त्री, नाइलाज आहे, वरून हुकूम आहे, असं म्हणत त्यांनी हमालांना खूण केली. हमालांनी वेल्डिंगचं मशीन उचललं, ड्रिल उचललं, घण आणि सांडश्या पोत्यात भरल्या. ऐरण मात्र हलेना. आजेसासऱ्यांच्या वेळची ऐरण ती, गळ्यापर्यंत ओंडक्यात बसलेली. चौघांनी जोर लावला, एकाची बोटं चेंगरता चेंगरता वाचली.

"थांबा," भाऊजी म्हणाले. "असं नाही जमायचं."

आणि त्यांनी स्वतः पाचर ठोकून ओंडका सैल केला, फळ्या लावल्या, दोर बांधला, आणि स्वतःच्या हाताने ऐरण टेम्पोत चढवली. वर जाऊबाईंना हाक मारून सगळ्यांना चहा करायला लावला. मी पुढे होऊन काही बोलणार तोच माझ्यावर डोळे वटारले. पण मी जवळ उभी होते. दोर बांधताना त्यांच्या हातून गाठ बसत नव्हती. सारा जन्म हातांवर कमावलेला माणूस, तीनदा सुटली गाठ.

साहेब खूश झाले. म्हणाले, मेस्त्री, तुम्ही एवढं सहकार्य केलंत, मी कागदावर तसं लिहितो, तुमच्याच फायद्याचं आहे. लिहिलं, भाऊजींनी सही केली. टेम्पो गेला आणि ऐरणीवरून काढून ठेवलेला फाळ तसाच राखेत थंड होत पडून राहिला.

पुढचे काही दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. शेवटी मीच चौकशी केली. शहरात कोर्टाच्या मागच्या बाजूला एक खोली होती, तिथे ऐपत नसलेल्यांना फुकट वकील मिळतो असं कळलं. जाऊबाईंचे गुडघे धरलेले, माझ्या नवऱ्याला शेतातून सुटका नाही, म्हणून भाऊजींना घेऊन मीच गेले. खोलीत एक टेबल, एक मोडका पंखा आणि भिंतीला लागून फाइलींचा ढीग. वकीलबाई माझ्या पुतणीच्या वयाची होती. बोलायला तुटक, पण ऐकून घेत होती. नोटिसा आल्याबरोबर का आला नाहीत, म्हणून तिने आधी भाऊजींना चांगलं फैलावर घेतलं. मला बरं वाटलं.

मग ती म्हणाली, "एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. कर कितीही थकू दे, कारागिराची हत्यारं जप्त करता येत नाहीत. कायद्यानेच बंदी आहे. ऐरण त्यांना परत द्यावी लागेल."

माझ्या जिवात जीव आला. भाऊजींचेही खांदे जरा वर आले. मग तिने तो सहीचा कागद वाचला, आणि पुन्हा वाचला.

"ही जप्ती नाहीच," ती म्हणाली. "तुम्ही हत्यारं स्वतःहून दिलीत असं लिहिलंय. स्वतःहून दिलेली वस्तू ते विकू शकतात."

मी कपाळाला हात लावला. पण बाई डोकेबाज होती. तिने खोदून खोदून सगळं विचारलं, कोण कुठे उभं होतं, कोण काय म्हणालं. मी गाठीचंही सांगितलं. ती भाऊजींकडे वळली. काका, तुम्ही घाबरला होतात ना, असं तिने सरळच विचारलं. माणसाने भीतीपोटी दिलं तर ते स्वतःहून दिलं असं होत नाही, ती म्हणाली. मी वर अर्ज करते, सुनावणीत फक्त तेवढं सांगा, मदत केली नाही तर घरालाही कुलूप लावतील असं वाटलं, म्हणून हात लावला. बाकीचं मी बघते. भाऊजींनी खाली बघतच मान डोलावली.

आता हे सांगायला हवं की आमच्या भाऊजींना सारा गाव वाघमेस्त्री म्हणतो. तरुणपणी बिथरलेला बैल त्यांनी शिंगं धरून खाली बसवला होता. तेव्हापासून चारचौघांत त्यांनी कधी अंग आखडून घेतलेलं कुणी पाहिलं नाही, आणि ते नाव त्यांनाही फार जपावं लागतं.

सुनावणीच्या खोलीत बाकांवर आपापल्या नंबराची वाट बघणारी बरीच माणसं होती. सुनावणी घेणारे वरचे साहेब म्हातारे आणि शांत होते. वकीलबाईने ठेकेदाराची सगळी भानगड मांडली. साहेबांनी ऐकून घेतलं, दंड कमी केला, राहिलेला कर हप्त्यांनी भरायची मुभा दिली आणि घराला हात लावायचा नाही असं सांगितलं. मग ऐरणीचा विषय निघाला. वसुलीचे साहेब बाजूलाच उभे होते. ते हसून म्हणाले, "अहो, यांनी तर आम्हाला चहा पाजला. हा एवढा गडी आम्हाला भ्याला म्हणता?"

बाकांवरची माणसं हसली. फार नाही, जरासंच. वरच्या साहेबांनी हसू दिलं नाही आणि भाऊजींना विचारलं, "तुम्हीच सांगा. भीती वाटली म्हणून दिलंत का?"

वकीलबाई त्यांच्याकडे बघत होती. मी मनात म्हणत होते, म्हणा हो, एकदाच 'हो' म्हणा. भाऊजींनी बाकांकडे पाहिलं. मान ताठ केली.

"मी कुणाच्या बापाला भीत नाही," ते म्हणाले. "दिली ती मीच दिली."

साहेबांनी आणखी एकदा विचारलं, समजावून विचारलं. तेच उत्तर. कारकुनाने ते लिहून घेतलं. बाहेर आल्यावर वकीलबाईने हप्त्यांच्या तारखा मला समजावल्या, भाऊजींना नाही. तिला राग आला असेल तर तो रास्तच होता. मला तर त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

त्याच महिन्यात सगळ्या हत्यारांचा लिलाव झाला. ऐरण भंगारवाल्याने घेतली, लोखंडाच्या भावाने.

हप्ते चालू आहेत. ते माझ्या नवऱ्याच्या शेतातून जातात, कारण हत्यारांवाचून भाऊजी कमावणार कशाने? ते रोज सकाळी लोहारशाळेचं दार उघडतात आणि विझलेल्या भट्टीपाशी बसतात. जाऊबाईंनी त्यांना बोलणं सोडून दिलंय. मी सोडलेलं नाही, पण बोलून होतं काय.

परवा पलीकडच्या वस्तीवरचा एक शेतकरी विळा घेऊन आला. त्याला काहीच माहीत नव्हतं. रिकाम्या ओंडक्याकडे बघून त्याने विचारलं, मेस्त्री, ऐरण कुठंय?

"भ्यालो मी," भाऊजी म्हणाले, अगदी सहज. "करवाले आले, लई भ्यालो. घर जाईल म्हणून भ्यालो. हातून गाठ बसेना. म्हणून माझ्या हातांनी दिली."

आता ते असं ज्याला त्याला सांगतात. वाटेने जाणाऱ्यालाही थांबवून सांगतात.

"मग साहेबाला सांगायचं की तसं," तो शेतकरी म्हणाला.

भाऊजींनी विळा हातात घेऊन धारेवरून अंगठा फिरवला आणि परत दिला. तो विळा पुन्हा फडक्यात गुंडाळून दुसऱ्या गावच्या लोहाराची वाट विचारून निघून गेला.