लडकूच्या चपला

केसरीनाथशेटनी गुंडांच्या टोळीवर सिनेमा काढला, स्वतःच्याच रिकाम्या गोदामात, आणि टोळीचे भाई स्वतःच झाले. संवाद माझे. मी वाचनालयात ग्रंथपाल होतो. चार लोकांत माझा आवाजही फुटत नाही. पण आमच्याकडे चष्मा दिसला की मास्तर म्हणतात, आणि मास्तरला सगळं येतं असं धरून चालतात.

भाईला पाठीत गोळी घालणारा उजवा हात म्हणजे लडकू. एरवी तो तीस वर्षं शेटची गाडी चालवतो. शेटच्या वाढदिवसाच्या बॅनरवर त्याचा फोटो कायम शेवटच्या ओळीत, सुपारीएवढा. सिनेमाच्या बॅनरवर मात्र तो शेटच्या बाजूला, शेटएवढाच येणार होता. खारबावच्या नाक्यावरची बॅनरची जागासुद्धा त्याने बायकोला, कमळला, दाखवून ठेवली होती.

पहिला टेक. लडकू पिस्तूल घेऊन भाईच्या ऑफिसच्या दारात आला, चपला काढल्या आणि म्हणाला, "शेट, येव का?"

"अरे, खून करायला आलायस तू! विचारतोस काय?"

दुसऱ्या टेकला विचारलं नाही, पण चपला काढल्याच. पाचव्याला चपलांसकट आत आला आणि शेटची पाठ बघून थबकला. "शेट, पंखा लावू? शर्ट भिजलाय तुमचा."

नवव्या टेकला शेटचा घसा बसला. "लडक्या, एक काम सांगितलं रे. गद्दारी कर! तेवढीपण न्हाय जमत?"

"जमंल शेट. पन ही पाठ रोजची हाय. दुसऱ्या कुनाची लावता येल का?"

सगळे हसले. लडकू हसला नाही.

मला त्याची कीव आली की माझ्या संवादांची, अजून ठरवता आलेलं नाही. न विचारता बोलून गेलो, "चपला राहू द्या ना. दारात चपला काढल्याचा आवाज ऐकून भाई ओळखतो, आपलाच माणूस आहे. म्हणून तो मागे वळत नाही."

शेटच्या डोळ्यांत पाणी आलं. "मास्तर, काय सुचलं तुम्हाला!" मग ते पुतण्याकडे वळले. "प्रितेश, तू कर रे. आता हा सीन महत्त्वाचा झाला."

प्रितेशने पहिल्याच टेकला गोळी घातली. इतकी मनापासून, की पडलेल्या शेटनी एक डोळा उघडून त्याच्याकडे बघितलं.

चपलांचा क्लोजअप राहिला होता, आणि प्रितेशच्या पायात महागडे बूट. "लडक्या, तुझ्याच ठेव," शेट म्हणाले. "झिजलेल्या हायत, बऱ्या दिसतील." शूटिंग संपेपर्यंत त्या कुणी हलवायच्या नाहीत असंही ठरलं.

मला घरी सोडायला लडकू अनवाणीच गाडीत बसला. निष्ठेवर मी भाईला चार पानं लिहून दिली होती. 'लडकूच करील' हे दोन शब्द मात्र गोदामात तोंडातून निघाले नव्हते. आता मागच्या सीटवर ते जुळवत बसलो.

मी उतरताना त्याने विचारलं, "मास्तर, चपला बॅनरवर येतील?"

"येतील."

"शेटच्या बाजूला?"

मी हो म्हणालो. बॅनर कोण छापतं, हेसुद्धा मला ठाऊक नाही.