गोदाबाईंचा भोपळा

शनिवारी दुपारी पप्पा मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत होते. घसा बरा होता; दुसऱ्या दिवशी कापणीचा सण होता, एवढंच. उपासना झाली की मंडळीनं देवाला वाहिलेल्या वस्तूंचा चर्चच्या अंगणात लिलाव होतो. अंडी, शेवगा, केक, एखादी कोंबडी. पैसे गरिबांसाठी जातात. खडकीच्या आमच्या चर्चमध्ये एकतीस वर्षं तो लिलाव पप्पाच पुकारत. नोकरी दारूगोळा कारखान्यात झाली, पण माणसं त्यांना ओळखायची ती या आवाजानं.

"कर्वेनगरकर काय आणणार उद्या?" त्यांनी मला विचारलं. मी आता कर्वेनगरला राहते.

"केक आणलाय. विकतचा."

"म्हणजे कापणी बेकरीवाल्याची."

मी हसले. कप विसळायला घेतले. ते दारच्या झाडाची लिंबं पुसून टोपलीत रचत होते. वर न बघता म्हणाले, "नमू, ती तुझी मैत्रीण काही अजून जेवायला आली नाही."

"कोण मैत्रीण?"

"सहलीचे पैसे भरणारी."

सव्वीस वर्षं झाली होती त्या सहलीला. मी विसळलेलाच कप पुन्हा विसळला.

"आणते पुढच्या रविवारी."

"आण. मटण करू."

मी नववीत होते तेव्हा गरिबांसाठीच्या दानपेटीची किल्ली आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला असायची. सहलीला चाळीस रुपये हवे होते. आईच्या औषधांचा महिना चालला होता, म्हणून घरी मागितले नाहीत. एका संध्याकाळी गायनाच्या सरावाला लवकर गेले आणि पेटी उघडली. वरच वीसच्या दोन कोऱ्या नोटा होत्या. मंडळीतल्या बापूरावांनी मुलीचं लग्न ठरलं म्हणून आदल्याच दिवशी टाकलेल्या. मला ते माहीत नव्हतं. रविवारी पेटी उघडल्यावर बापूरावांना मात्र लगेच कळलं.

कुलूप शाबूत होतं. चर्च झाडायला गोदाबाई येत, चर्चची किल्ली न्यायला आमच्या स्वयंपाकघरातही. नवरा गेलेली बाई, पत्र्याच्या खोलीत राहणारी. पंचांच्या बैठकीत त्यांचं नाव निघालं. मी खिडकीबाहेर उभी होते. पप्पा म्हणाले, "किल्ली माझ्या घरी, जबाबदारी माझी." त्यांनी चाळीस रुपये टेबलावर ठेवले, किल्लीही ठेवली. मग म्हणाले, "गरिबाचं उचलणं म्हणजे देवाच्या खिशात हात घालणं. पण देव काही उचलणाऱ्याला पोलिसात देत नाही. जेवायला बोलावतो."

लोकांनी त्यातून एवढंच घेतलं, की साळव्यांनी, म्हणजे पप्पांनी, बाईला पाठीशी घातलं. म्हणजे बाईचीच चोरी. गोदाबाईंना कुणी कामावरून काढलं नाही, कुणी काही विचारलंही नाही. फक्त उपासनेत दानाची थैली फिरवायला त्यांच्या हाती पुन्हा कधी दिली गेली नाही.

त्या दिवशी जेवताना पप्पांनी मला विचारलं होतं, "सहलीचे पैसे कुणी भरले?"

"मैत्रिणीनं."

त्यांनी माझ्या ताटात आणखी एक चपाती वाढली. "बरं. तिला एकदा जेवायला बोलाव."

गोदाबाई दर सणाला एक भोपळा आणत, पत्र्यावर वेल चढवून वाढवलेला. त्यावर पहिली बोली कुणी लावत नसे. पुकारणाऱ्यानं स्वतः बोली बोलू नये असा नियम, पण पप्पा ओरडायचे, "शंभर! पुकारणारा बोलतोय, जरा लाजा!"

"साळवे," बापूराव म्हणायचे, "भोपळा घेताय की दत्तक?"

"दत्तक. तुमच्यापेक्षा कमी बडबड करतो."

मग हशा पिकायचा, बोली चढायची, आणि गोदाबाई पदरात हसायच्या. मी दरवर्षी मागच्या रांगेत बसून ते बघत आले. शेवटी भोपळा आमच्याच घरी यायचा, त्याचे घारगे व्हायचे. तेही खात आले.

रविवारी सकाळी पप्पा उठले नाहीत. मंडळीनं सण एक आठवडा पुढे ढकलला.

पुढच्या रविवारी त्यांची लिंबं मी टोपलीसकट घेऊन गेले. लिलाव पुकारायला पाळकसाहेबांनी सौरभला उभं केलं. आयटीतला मुलगा, माइक छान धरतो. लिंबांना चारशे आले. माझ्या केकला, पुन्हा विकतच्याच, दीडशे; पप्पा असते तर बेकरीवाल्याचे आभार मानले असते. मग भोपळा आला.

"शंभरपासून सुरू करू या. कोण?" सौरभ म्हणाला. "कुणीतरी? कमॉन."

कुणी बोललं नाही. बहुतेकांच्या मनात काही वाईट नसावं. पहिली बोली पप्पांची, ही सवयच होती. गोदाबाई आता सत्तरीच्या पुढे. गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि भोपळा उचलायला पुढे आल्या. "राहू दे, लेकरा. साळवेभाऊ नाहीत आता. मी नेते घरी."

"शंभर," मी म्हणाले.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. बापूरावांनी चष्मा काढून डोळे पुसले. "साळव्यांची पोर! बापाची गादी चालवणार म्हणायची."

गोदाबाई हसल्या. पदरातच. "एकवार," सौरभनं पुकारलं. मी खाली बसले असते तर भोपळा मिळाला असता, शंभर रुपयांत, वर कौतुकही. पप्पांनी तो दरवर्षी कशासाठी घेतला हे त्या अंगणात फक्त मला माहीत होतं.

"दोनवार—"

मी चालत पुढे गेले. सौरभनं गोंधळून माइक दिला. गोदाबाईंचे दोन्ही हात अजून भोपळ्यावर होते. मी त्यांच्याकडेच बघून बोलले. पप्पांसारखा आवाज नाही माझा, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला असावा.

"पेटीतले ते चाळीस रुपये मी घेतले होते. गोदाबाईंनी नाही. माझ्या सहलीसाठी. पप्पा, कुणी मैत्रीण नव्हती."